2,41,300 किलोमीटर चाललेली फॉर्च्युनर : खरेदी आणि दुरुस्तीच्या नोंदी, सातारा

20 ऑक्टोबर 2024, रविवार

ठोसेघरच्या वरच्या अंगाला आमचं दोन एकर रान आहे. डांबरी संपली की तीन किलोमीटर तांबड्या मातीची वाट. गेल्या जुलैत तिथं आमची गाडी मागच्या चाकांनी रुतली आणि शेजारच्या वाडीतला ट्रॅक्टर येईपर्यंत चार तास पावसात उभे राहिलो. तेव्हाच ठरलं, फोर व्हील ड्राइव्ह घ्यायची.

बजेट एकूण 9 लाख, त्यात दुरुस्तीसाठी दीड लाख बाजूला. नवी गाडी या पैशात येत नाही, तेव्हा जुनीच. याच किमतीत दहा-बारा वर्षांच्या जर्मन गाड्याही दिसतात. सनरूफ, मखमली आवाज, सगळं. पण एअर सस्पेन्शनचा एक बलून गेला की पुण्याची वारी, आणि भाव ऐकून मालकालाच सलाईन लावावी लागते. चेसिसवर बांधलेली, साताऱ्यात कुणालाही खोलता येईल अशी आणि पार्ट पोवई नाक्याला सांगितला तर दोन दिवसांत येईल अशी गाडी हवी होती. म्हणून पहिल्या पिढीची फॉर्च्युनर, तीन लिटर डिझेल. 2012 पासून तिच्यात टू व्हील ड्राइव्हही आली. त्याआधीच्या भारतातल्या सगळ्या फुल-टाइम फोर व्हील. तेव्हा 2009 ते 2011 एवढंच शोधायचं.

बायकोचं म्हणणं, "आमदारकीला उभं राहायचं असेल तर आधी सांगा."

27 ऑक्टोबर, रविवार. सांगली

पहिली गाडी. 2010 ची, मीटर 96,000, भाव 9 लाख. लांबून नव्यासारखी. आत बसलो तर अत्तराचा एवढा वास की डोळ्यांत पाणी आलं. गाडीत इतकं अत्तर का, हा प्रश्न तिथंच पडायला हवा होता. मला अर्ध्या तासानं पडला.

सांगलीत गाडी बघायची तर 2019 आणि 2021 चे महापूर डोक्यात ठेवून बघायची. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी 45. त्या आठवड्यात किती गाड्या पार्किंगमध्ये बुडाल्या आणि नंतर धुऊन-पुसून कुठं कुठं गेल्या, देव जाणे.

काय बघितलं ते लिहून ठेवतो. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला. वरचा भाग स्वच्छ, शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ. सीट पुढं सरकवून खालच्या रुळाचे बोल्ट बघितले, सगळे तांबूस. मागच्या दाराजवळचं मॅट उचललं तर खालच्या फेल्टमध्ये वाळलेला गाळ, बोटानं चोळला तर पीठ. एका हेडलाइटमध्ये आतून पाण्याची रेघ.

मालकांना विचारलं तर म्हणाले, "गाडी धुताना पाणी जातंय की आत." जातं, पण गाळ जात नाही. चहा घेतला आणि निघालो. विश्रामबागेत भडंग घेतलं, एवढीच कमाई.

10 नोव्हेंबर, रविवार. पुणे

जुन्या गाड्यांच्या एका दुकानात. 2011 ची, मीटर 88,000. विक्रेता म्हणाला, "सर, डॉक्टरांची गाडी आहे." साताऱ्यात लॅब चालवतो म्हणून अर्धं गाव मला डॉक्टर म्हणतं, मी डॉक्टर नाही हे सांगून दमलो. त्यामुळं या वाक्याचा माझ्यावर उलटाच परिणाम होतो.

ब्रेक पेडलचं रबर कोरं करकरीत, क्लचचं मात्र झिजून गुळगुळीत. म्हणजे बदलताना एकच मिळालं. ड्रायव्हर सीटची उजवी कड फाटून शिवलेली. स्टिअरिंगचं चामडं घड्याळातल्या दहा-दोनच्या जागी सोलटलेलं. 88,000 ला असं होत नाही. सर्व्हिस रेकॉर्ड मागितलं तर "मागच्या मालकाकडं राहिलं". चेसिस नंबरचा फोटो काढून अधिकृत सर्व्हिस सेंटरमधल्या ओळखीच्या माणसाला पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं : 2018 मध्येच 1,64,000 ची नोंद आहे.

भाव किती कमी करतील हे विचारायलाही परत फोन केला नाही. किलोमीटर जास्त म्हणून नव्हे. 1,64,000 नंतर त्या गाडीचं काय झालं हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

दिल्लीच्या गाड्यांचेही दोन फोन आले. तेव्हा तिथं दहा वर्षांवरची डिझेल गाडी चालवता येत नव्हती, म्हणून त्या निम्म्या भावात इकडं यायच्या. पण एनओसी, इथला टॅक्स, नवा नंबर यांत महिने जातात, आणि गाडी बघायला दिल्लीला कोण जाणार? सोडलं.

21 नोव्हेंबर

काल विधानसभेचं मतदान झालं. पुण्याहून आल्यापासून एकही फॉर्च्युनर बघायला मिळाली नाही, सगळ्या "प्रचारात" होत्या. निकालानंतर स्वस्त होतील असं आमचे गॅरेजवाले मिस्त्री म्हणतात. हरलेल्यांच्या आधी, मग जिंकलेल्यांच्या.

1 डिसेंबर, रविवार. तासगाव

एका द्राक्ष बागायतदारांची गाडी. मार्च 2011 ची, एकच मालक, एमएच-10. मीटर 2,41,300. सांगितलेला भाव 8,10,000.

या आकड्यामुळं दोन महिने गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं. अण्णा (मालक) स्वतः संकोचून म्हणाले, "गाडी लई पळालीया, खोटं कशाला बोलू." त्यांच्या मागं ड्रायव्हर मामा उभे होते. त्यांनी ग्लोव्हबॉक्समधून एक लाल कापडी वही काढली. जमाखर्चाची असते तसली. पहिल्या पानावर स्वस्तिक, खाली गाडीचा नंबर. त्यानंतर तेरा वर्षांचं डिझेल, ऑइल, पंक्चर, टायर, बॅटरी, प्रत्येकापुढं तारीख आणि किलोमीटर.

"मीटर खरं हाय सायेब. म्या लिवलंय समदं."

गाडीआधी मी वहीच वाचत बसलो. ऑइल दर दहा हजाराला. टायमिंग बेल्ट 1,48,000 ला, सप्टेंबर 2017. क्लच 1,71,000 ला. मग 1,92,000 नंतर थेट 2,11,000. मधलं कोरं.

मामांना विचारलं. कोरोनात ते आजारी होते, मग वर्षभर दुसरा ड्रायव्हर होता, अण्णांचा भाचा. "त्यानं काय लिवलं न्हाई." ऑइल बदललं का? "ते त्यालाच ठावं."

हे कोरं पान लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मणेराजुरी रस्त्याला वीस किलोमीटर चालवली. पाचवा गिअर, ऐंशीचा वेग, स्टिअरिंग सरळ. खड्ड्यात पुढून डावीकडं ठकठक. क्लच चांगला. एसी मध्यम. इंजिनचा आवाज ठीक.

पण माझी चूक झाली. मी पोचलो तेव्हा इंजिन गरम होतं, सकाळीच बाजारात नेऊन आणली होती. गरम डिझेल इंजिन शहाण्या जावयासारखं वागतं. थंड इंजिन चालू करून बघायचं हे मला माहीत होतं, तरी राहिलं.

4 डिसेंबर, बुधवार

म्हणून परत गेलो. आदल्या रात्री पलूसला मेहुण्याकडं मुक्काम केला आणि सोबत साताऱ्याहून मिस्त्रींना नेलं. जाण्या-येण्याचं डिझेल, मिस्त्रींचा दिवस आणि जेवणखाण मिळून 4,500. आतापर्यंतचा सगळ्यांत योग्य खर्च.

सकाळी साडेसहाला बॉनेटवर हात ठेवला, गार. चालू केली. पहिली दहा सेकंद वरून टिकटिक, मग गप्प. पांढरट धूर थोडा, लगेच गेला. मिस्त्रींनी ऑइलचं झाकण काढलं, तिथून भपका येत होता पण झाकण उडवण्याइतका नाही. डिपस्टिक काढून बोटाला चोळली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "काळं लई आहे." डिझेलचं ऑइल काळंच असतं, मी म्हणालो. त्यांनी उत्तर दिलं नाही.

गावातल्या वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर खालून बघितली. लोअर आर्मचे बुश फाटलेले, डाव्या शॉकअपमधून तेल, पुढच्या उजव्या एक्सलचा रबरी बूट चिरलेला आणि ग्रीस बाहेर फेकलेलं. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसमध्ये ढिलाई. चेसिस मात्र सरळ, वेल्डिंग कुठंच नाही, मागं थोडा वरवरचा गंज. टायरवर 1417, म्हणजे 2017 सालचा चौदावा आठवडा. नक्षी शिल्लक होती पण रबर दगड झालेलं. चारही बदलावे लागणार.

स्कॅनर लावला. जुना एक फॉल्ट, बाकी काही नाही.

सगळं कागदावर मांडून अण्णांपुढं ठेवलं. घासाघीस म्हणावी अशी झालीच नाही. त्यांनी यादी वाचली, मामांकडं बघितलं, मामांनी मान हलवली. 7,25,000 ला ठरलं. वही गाडीबरोबर, ही माझी अट. मामांना ती देताना जड गेलं.

12 डिसेंबर

कागदांत अडकलो. आरसीवर बँकेचा बोजा तसाच. कर्ज 2016 मध्येच फिटलंय, बँकेनं एनओसीही दिली होती, पण अण्णांनी ती कपाटात ठेवली. तिची मुदत कधीच संपली. आता नवी एनओसी, फॉर्म 35, बोजा उतरवणे, आणि मग फॉर्म 29 व 30 वर नाव चढवणे. सात-बारावरचा बोजा दर वर्षी तपासणारा माणूस गाडीचं विसरतो.

मी 50,000 विसार दिला आणि बाकीचे बोजा उतरल्यावर असं लिहून घेतलं. गाडी मात्र ताब्यात घेतली, डिलिव्हरी नोटवर तारीखच नाही तर वेळही टाकून. उद्या तासवड्याच्या टोलवर काही घडलं तर ते कुणाच्या वेळेत हे ठरायला हवं. जुनी ई-चलानं 3,200 ची निघाली, ती अण्णांनी भरली. सगळी भाच्याच्या काळातली.

विमा : जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही. 24,600 गेले.

15 डिसेंबर. दोन मूर्खपणा

एक. गाडी दारात आल्याच्या आनंदात 14,000 चे सीटकव्हर घातले. मिस्त्री म्हणाले, "डॉक्टर, पेशंट आयसीयूत आणि तुम्ही त्याला सफारी शिवताय."

दोन. इंजिन चकाचक दिसावं म्हणून वॉशिंगवाल्याला प्रेशरनं पाणी मारायला सांगितलं. घरी येताना पोवई नाक्याच्या भुयारी रस्त्यात गाडीचा दम गेला. चेक इंजिनचा दिवा, वेग तीसच्या वर जाईना. मागून सगळं सातारा हॉर्न वाजवतंय. एका सेन्सरच्या कपलरमध्ये पाणी शिरलं होतं. शोधायला दोन दिवस, 2,500 रुपये. एवढ्या वयाच्या गाडीत कपलरची रबरं वाळलेली असतात. इंजिन पुसायचं ते फडक्यानं.

22 डिसेंबर

पहिली सर्व्हिस. इंजिन ऑइल सात लिटर, तिन्ही फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी), पुढचा-मागचा क्राऊन (एक्सलमधले गिअर). 19,800. मागच्या क्राऊनमधलं ऑइल काकवीसारखं निघालं. ट्रान्सफर केसचं बहुधा जन्मापासूनचं होतं, मामांच्या वहीतही त्याची नोंद नाही. ज्या गोष्टीचं अस्तित्वच माहीत नाही ती कोण लिहिणार.

5 जानेवारी 2025, रविवार

नवं ऑइल घालून 320 किलोमीटर झाले. आज डिपस्टिक काढली तर डांबर.

लॅबमधला फिल्टर पेपर घेतला आणि ऑइलचा एक थेंब टाकून रात्रभर ठेवला. चांगलं ऑइल पसरतं, करडी वर्तुळं एकात एक दिसतात. याचं मधोमध काळं कुंकू झालं आणि तिथंच बसलं, बाहेर फक्त पिवळट कड. काजळीचं प्रमाण बेसुमार. दुसऱ्या कागदावर बायकोच्या गाडीच्या ऑइलचा थेंब टाकला, तुलनेसाठी. सॅम्पलवर लेबलं लावली, सवय.

आणखी एक : सकाळी चालू केल्यावर ऑइल प्रेशरचा दिवा पूर्वी लगेच विझायचा, आता मनात तीन म्हणेपर्यंत राहतो.

मिस्त्रींना फोटो पाठवला. उत्तर : "गाडी हलवू नका."

7 ते 31 जानेवारी. नोझल, वॉशर, जाळी

या तीन आठवड्यांसाठीच खरं तर हे सगळं लिहायला घेतलं.

या इंजिनात नोझल (डिझेल फवारणारे इंजेक्टर) इंजिनच्या डोक्यावरच्या टॅपेट कव्हरच्या आत बसतात. प्रत्येक नोझलच्या बुडाला तांब्याचा एक वॉशर असतो, तो जळणाऱ्या वायूला खालीच अडवतो. वय झालं की वॉशर दबतो, वायू निसटतो, आणि तो बाहेर हवेत न जाता टॅपेट कव्हरच्या आत, म्हणजे थेट ऑइलमध्ये जातो. ऑइलमध्ये काजळी साचते. ऑइल वेळेवर बदलत राहिलं तर ती निघून जाते. एकोणीस हजार किलोमीटर बदललं नाही तर ती खाली चेंबरमध्ये (ऑइल साठतं त्या तळाच्या टाकीत) बसते आणि ऑइल ओढणाऱ्या जाळीवर थर धरते. जाळी बुजली की वर ऑइल पोचत नाही. आधी टर्बो जातो, मग बेअरिंग.

सकाळची ती टिकटिक म्हणजे हेच. मिस्त्रींचं "काळं लई आहे" म्हणजेही हेच. आणि वहीतलं कोरं पान म्हणजेही.

टॅपेट कव्हर उघडलं तेव्हा तिसऱ्या नोझलच्या भोवती काळा खडा झालेला, स्क्रू ड्रायव्हरनं खरवडावा लागला. चेंबर उतरवायला पूर्ण दिवस गेला. जाळी हातात आली तेव्हा मिस्त्री आणि मी दोघंही बोललो नाही. दात घासायची मिश्री भिजवून थापावी तसा थर. निम्म्याहून जास्त छिद्रं बंद. इंजिन उतरवायची वेळ आली असती तर अडीच-तीन लाख, असं मिस्त्रींनी शांतपणे सांगितलं आणि चहा मागवला.

चारही नोझलना नंबरच्या चिकटपट्ट्या लावून ते कोल्हापूरला पंपवाल्याकडं नेले. कुठला नोझल कुठल्या सिलिंडरचा हे गोंधळू द्यायचं नाही. मशिनवर तीन पास, तिसऱ्या सिलिंडरचा परतीचं डिझेल प्रमाणापेक्षा जास्त सोडत होता. तो दुरुस्त करून घेतला.

मग उशीर. वॉशर आणि सीलचा संच मागवला तो दुसऱ्याच इंजिनचा आला. परत पाठवला, दुसरा आला, त्यात वरची चार सील नव्हती. मिस्त्री म्हणाले जुनी घालू. मी नको म्हणालो, आणि या सबंध कामात मी त्यांचं न ऐकलेल्या दोन गोष्टींतली ही पहिली. पार्टसाठी गाडी बारा दिवस नुसती उघडी पडून होती. चेसिस नंबर दिल्याशिवाय पार्ट मागवू नका. मॉडेल आणि साल एवढं सांगून भागत नाही.

सगळं उघडलंच होतं म्हणून टायमिंग बेल्टही बदलला. वहीप्रमाणं तो 1,48,000 ला बदललेला, म्हणजे किलोमीटरनं अजून आयुष्य होतं. मिस्त्रींचं मत होतं राहू द्या. पण 2017 चा बेल्ट, रबराला किलोमीटर कळत नाहीत, वर्षं कळतात. बेल्ट, टेन्शनर, पुली आणि वॉटर पंप मिळून 27,500. नोझलचं काम, वॉशर, गॅस्केट, चेंबर, परत नवं ऑइल : 38,400. आधीचं सात लिटर ऑइल 320 किलोमीटरमध्ये वाया गेलं ते वेगळं सांगत नाही.

31 तारखेला चालू केली. टिकटिक नाही. दिवा लगेच विझला.

14 फेब्रुवारी

नाव चढलं. बोजा उतरवण्यापासून आरसी हातात येईपर्यंत दोन महिने. सरकारी फी आणि एजंट मिळून 5,500. अण्णांना उरलेले 6,75,000 बोजा उतरला त्याच दिवशी, जानेवारीत दिले होते. नंबर एमएच-10 च राहतो. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला विचारतो, "काय पावनं, सांगलीचं का?" सवय करून घेतो आहे.

23 फेब्रुवारी

खालचं काम. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, चारही शॉकअप, अलाइनमेंट : 46,700. एक्सलचा बूट आणि प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस : 9,900. बूट वेळेत बदलला म्हणून जॉइंट वाचला. त्यात माती गेली असती तर अख्खा एक्सल. टायर 265/65 आर 17, चार मिळून 54,000. टायरवाल्यानं तारीख न दाखवता बसवायला घेतले होते. थांबवून वाचली, दोन टायर दोन वर्षं जुने. बदलून मागितले. त्याला राग आला, येऊ दे.

2 मार्च, रविवार. चाळकेवाडी

पवनचक्क्यांच्या पठारावर फोर व्हील तपासायला गेलो. (कासला असले उद्योग करू नका. तिथं डांबरी सोडून चाक घालायचं नाही.) या गाडीला गिअरशेजारी दुसरा लिव्हर असतो : एच म्हणजे रोजचं, चारही चाकांना ताकद असतेच. एचएल म्हणजे मधला डिफरन्शिअल लॉक. एलएल म्हणजे लॉक आणि शिवाय हळू गिअर.

लिव्हर हललाच नाही. अण्णांनी तेरा वर्षांत कधी वापरला नव्हता, द्राक्षाच्या बागेत कशाला लागतोय. दोन्ही हातांनी ओढून कसाबसा एचएल पडला. खूश झालो, आणि तसाच सज्जनगडाच्या फाट्यापर्यंत डांबरीवर आलो. वळणावर गाडी जड, टायर चिरचिरतात, काहीतरी कण्हतंय. लॉक असताना पुढची आणि मागची चाकं एकाच वेगानं फिरायला बांधलेली असतात, वळणावर त्यांना वेगळा वेग हवा असतो. मातीत चाक घसरून ते भागतं, डांबरीवर भागत नाही, सगळा पीळ शाफ्टमध्ये साठतो. आता लिव्हर परतही येईना. शेवटी सरळ रस्त्यावर वीस-पंचवीस फूट रिव्हर्स घेतली तेव्हा खट्कन सुटला.

गॅरेजला लिव्हरखालची जोडणी खोलून गंज काढला, ग्रीस घातलं. 1,800. आता दर महिन्याला एकदा मातीत नेऊन तिन्ही जागा फिरवतो.

29 मार्च

नव्या सुरक्षित नंबरप्लेट बसवल्या. 745 अधिक जीएसटी, म्हणजे 879 रुपये. तारीख मिळायला तीन आठवडे. एसीचा कंडेन्सर आणि गॅस 7,200.

आज हिशेब घातला. दुरुस्ती आणि सीटकव्हर मिळून 2,21,800. कागद, विमा, प्लेट धरून आणखी 31,000 च्या आसपास. गाडीसकट 9,78,000. बजेटच्या 78,000 वर, दुरुस्तीचा अंदाज दीड लाखाचा होता तो 72,000 नं चुकला. त्यातले 14,000 सीटकव्हरचे आणि 2,500 पाण्याचे हे माझ्या अकलेचे. नोझलचे 38,400 मात्र 4 डिसेंबरलाच भावातून वजा व्हायला हवे होते. मिस्त्रींनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.

सरासरी घाटात साडेनऊ, हायवेला अकरा.

11 मे

नव्या ऑइलवर 4,000 किलोमीटर. परत फिल्टर पेपर. करडी वर्तुळं, मध्ये डाग आहे पण पसरलेला. कागद वहीत चिकटवला. ऑइल यापुढं दहा हजाराला नाही, सात हजाराला.

27 मे, मंगळवार

यंदा पावसानं जूनची वाट पाहिली नाही. चार दिवस धो धो. रानातलं शेड उडालं का बघायला निघालो. डांबरी संपते तिथं एक पिकअप आडवी झालेली, पोरं दगड लावत होती. थांबलो, एलएल टाकला, दोर लावून तिला मागं ओढली आणि मग वर गेलो. दुसऱ्या वळणावर, जिथं गेल्या वर्षी रुतलो होतो, मागचं चाक एकदा घसरलं, पुढच्यांनी ओढून घेतलं. तीन किलोमीटरला पंचवीस मिनिटं लागली. शेडचे दोन पत्रे गेलेत.

राहिलेली कामं : स्टिअरिंग रॅकमधून किंचित पाझर आहे, पावसाळ्यानंतर बघायचं. मार्च 2026 ला पंधरा वर्षं होतील, म्हणजे पासिंग, फेरनोंदणीचे 5,000 आणि वर पर्यावरण कर. त्याआधी मागचा गंज घासून रंगवायचा.

रात्री तासगावला मामांना फोन केला आणि सांगितलं, गाडी चढली. म्हणाले, "वहीत लिवलं का?"

लिहिलं. 2,47,120.